सीटकव्हरवाल्यांनी शिवलेला सुपरहिरो

आमच्या दुकानात मशीनच्या खाली रेक्झीनच्या कतरणींचा ढीग असतो. मुद्दाम कोणी साठवत नाही. सीट शिवली की कडेचा तुकडा खाली पडतो, तो पायानं मागं सरकवायचा आणि पुढच्या सीटला लागायचं. वर्षाच्या शेवटी बघावं तर गुडघाभर! टाकून द्यायला जावं, तर एखादा तुकडा हातात येतो आणि आठवतं, अरे, ही तर त्या वकिलाच्या जीपची! मग टाकवत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. चहाला चार जण जमले की मी ढिगात हात घालतो आणि लागेल तो ओढतो. आज निळा तुकडा हाताला लागलाय, तर निळ्याचेच सांगतो.

मी थोडं ताणून सांगतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. रेक्झीनसुद्धा ताणल्याशिवाय सीटवर बसत नाही.

आमचं दुकान नगरला, मनमाड रोडला. पाटीवर आता अहिल्यानगर रंगवून घेतलंय, तोंडात मात्र नगरच येतं. टेम्पो, जीप, ट्रॅक्टर, काय वाट्टेल त्याची सीट शिवतो. मी आणि माझे कारागीर शकीलभाई, तीस वर्षं एकाच छपराखाली. माणसाचा साधा शर्ट आम्ही कधी शिवलेला नाही.

अशा दुकानात एक दिवस साळवे सर आले. सर पारनेरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. आठवीत त्यांनी मला चित्रकलेत नापास केलं होतं. जिल्ह्यात चित्रकलेत नापास झालेला मी एकटाच असेन! पण सरांची खरी ओळख वेगळी. सर कॉमिक काढायचे, 'कॅप्टन पाणाड्या'. रानात पाणी कुठं लागेल ते सांगणाऱ्या माणसाला आमच्याकडं पाणाड्या म्हणतात. सरांच्या पाणाड्याला जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं, आणि तो उडायचा. निळा अंगरखा, छातीवर पांढरा थेंब, गुडघ्यापर्यंत धोतर, डोळ्यांवर काळी पट्टी, पायात टायरच्या चपला आणि मागं फडफडणारी घोंगडी! सर हातानं काढायचे, झेरॉक्स मारायचे आणि गॅदरिंगला पोरांना वाटायचे. वीस-बावीस वर्षं हे चाललं.

त्या झेरॉक्सा वाचून मोठी झालेली देवळाली प्रवराची एक मुलगी डायरेक्टर झाली. केतकी मॅडम. त्यांनी पाणाड्याचा पिच्चर काढायचं ठरवलं. पैसा लावला जामखेडकडच्या सुदामशेठनी, खडीक्रशरवाले.

सरांनी कागदावर सही करताना एकच अट घातली होती, "ड्रेस मी काढलाय तोच."

शेठनी त्याच्याखाली आपली अट लिहायला लावली, "तो ड्रेस घालून हिरोनं विहिरीत उडी मारायची आन् वर यायचं. जमलं तर सरांचा ड्रेस. न्हाई जमलं तर मुंबईचा काळा."

मुदत अठरा दिवस. पुण्याच्या ड्रेसवाल्यानं चित्र बघितलं, "धोतरात सुपरहिरो?" असं विचारलं आणि फोन ठेवून दिला. तेव्हा सरांनी माझं दुकान गाठलं. चित्रांची फाईल मशीनवर ठेवली आणि म्हणाले, "दत्ता, आठवीचा पेपर परत देतोस का?"

*

हिरो होता ओंकार. नगरचाच पोरगा, एकांकिका करायचा, पोटासाठी जिममध्ये ट्रेनर. शकीलभाईंनी टेप काढला, ओंकारला स्टुलावर बसवला आणि मापं घेतली. पाठ, मांडी, गुडघा, खांदा. ताणाचं निळं कापड, छातीवर आणि खांद्यावर रेक्झीन, आत पातळ फोम. तीन दिवस दुकानात दुसरं काम घेतलं नाही.

चौथ्या दिवशी मॅडम आणि सर बघायला आले. ओंकारला स्टुलावर बसवूनच अंगरखा आणि धोतराच्या आतली तंग विजार चढवली. काय दिसला पोरगा! कुठं एक सुरकुती नाही! सर चष्मा पुसायला लागले. मॅडमनी धडाधड फोटो काढले.

"आता उठ, जरा चालून दाखव," मॅडम म्हणाल्या.

ओंकार उठला. पाठीवर हा फुगा आला, पोटावर कापड करकरायला लागलं, गुडघे वाकलेले ते सरळच होईनात. तो ताठ व्हायला गेला की ड्रेस त्याला मागं खेचायचा. दिसत नाही अशा खुर्चीवर बसल्यासारखा तो दुकानाच्या मधोमध अर्धवट उभा!

तीस वर्षं आम्ही जे जे शिवलं, ते सगळं बसलेलं होतं. सीट कधी उठून चालायला लागत नाही. माणूस उभासुद्धा राहतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं!

मॅडम फाईल मिटून उठल्या. सरांनी माझ्याकडं बघितलं, आठवीत बघितलं होतं तसंच.

शकीलभाई मात्र शांत. टेप गळ्यात टाकून त्यांनी विचारलं, "मॅडम, पिच्चरमध्ये हा बसलेला किती वेळ हाय?"

*

सगळं उसवलं, ओंकारला उभा करून परत कापलं. त्यात पाच दिवस गेले. ड्रेस अंगावर बसतोय न बसतोय तोच सुदामशेठ स्वतः दुकानात हजर. पांढरे कपडे, पायात नाड्यांचे पांढरे बूट, बाहेर गाडी चालूच. ड्रेसभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "निळाच कशाला?"

प्रश्न साधा वाटतो. दुकानात मात्र एकदम गार झालं. शेठ काय विचारतायत ते सगळ्यांना कळलं होतं, सरांना सगळ्यात आधी.

"न्हाई, आपलं म्हनलं," शेठ पुढं म्हणाले, "लोक काय बी अर्थ काढायलेत आजकाल. लाल करू. भगवा करू. निळा बगून कोन काय म्हनंल, आपल्याला कशाला झेंगट?"

शकीलभाईंनी मशीन थांबवलं. मॅडम काहीतरी बोलायला निघाल्या, सरांनी हातानं थांबवलं. सरांचा आवाज कधी चढत नाही. वर्गात ते बोलले नाहीत की आम्ही जास्त घाबरायचो.

"शेठ, तुमच्या क्रशरवर खडीचे टिपर किती?"

"आठ."

"रंग?"

शेठनी दाराबाहेर बघितलं. समोरच्या पंपावर त्यांचाच एक टिपर डिझेल भरत उभा होता.

"निळा."

"निळाच कशाला?"

"कंपनीतनंच तसा आला!"

"आमचाही कंपनीतनंच तसा आला," सर म्हणाले आणि फाईल उघडून परत पेन्सिलीनं खुणा करायला लागले.

शेठ गेले. जाताना म्हणाले, "रंग ऱ्हाऊ द्या. विहिरीचं मातर इसरू नका."

*

खरा त्रास दिला घोंगडीनं. पारनेरच्या बाजारातून धनगराच्या हातची अस्सल घोंगडी आणली होती. काळी, राठ, जाड. चित्रात ती मागं लहरत उडते. ओंकारच्या पाठीवर ती ढिम्म! पंखा लावला. दोन लावले. पोरगा गारठला, पण घोंगडीचा दोरासुद्धा हलेना.

शकीलभाईंनी तिच्या कडेनं तंबूच्या फायबरच्या काड्या शिवल्या आणि म्हणाले, "पंख्यानं नाही होणार. हिला रस्त्यावर नेली पाहिजे."

म्हणून गिऱ्हाइकाचा एक टेम्पो मागून घेतला. मागं हौद्यात ओंकार उभा, पूर्ण ड्रेसमध्ये. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक माझ्या हाताला. शकीलभाई स्टेअरिंगवर. बायपासला लागलो. चाळीसला घोंगडी थरथरली. पन्नासला उचलली. साठला अशी सपकन ताठ झाली की मी ओरडलोच, "उडाली!"

सत्तरला तिच्यात वारा भरला आणि ओंकारचे पाय हौद्यावरून सुटले!

खोटं नाही सांगत, चांगला वीतभर वर! मी दोरी धरून लोंबकळतोय, ओंकार हवेत "थांबवा, थांबवा" ओरडतोय, आणि शकीलभाईंना केबिनमध्ये काही ऐकू येत नाही. दोरीनं माझा तळहात सोलून निघाला. हातातून सुटली असती तर पोरगा सरळ मागच्या ट्रकसमोर. तेवढ्यात पुढं शिट्टी वाजली. टेम्पो थांबला आणि ओंकार धपकन माझ्या अंगावर.

समोर ट्रॅफिक हवालदार. त्यानं हौद्यात डोकावून बघितलं. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला माणूस, कमरेला दोरी, दोरी माझ्या हातात.

"खाली उतर. हात वर. कुठून उचललाय ह्याला?"

मी म्हणालो, "साहेब, पिच्चरचं आहे." असं म्हटल्यावर कुठला पोलीस विश्वास ठेवतो? त्यानं वायरलेस काढला. आता सगळी वरात पोलीस स्टेशनला, ड्रेस जप्त, उरलेत नऊ दिवस. मला समोर सगळं दिसायला लागलं. ओंकार हळूच हौद्यातून उतरला. हवालदार त्याच्याभोवती फिरला. छातीवरच्या थेंबाजवळ थांबला. वायरलेस तसाच तोंडाजवळ.

"पाणाड्या हाय काय रं ह्यो?"

आम्ही माना हलवल्या. त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता! क्षणात दहा वर्षांचा झाला. आणि लगेच परत कडक झाला.

"मग घोंगडीची गाठ डाव्या खांद्यावर कशी? पाणाड्याची गाठ उजव्या खांद्यावर असते! कोणी शिवलंय हे?"

दुकानात येऊन सरांची फाईल काढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, उजवा खांदा! रेक्झीनवर आम्ही खडूच्या खुणा नेहमी उलट्या बाजूनं करतो. सवयीनं सगळा हिरोच उलटा शिवला होता. आम्ही बघितलं नाही, मॅडमनी बघितलं नाही, सरांनीसुद्धा बघितलं नाही. बघितलं ते हवालदारानं!

*

विहिरीच्या आधी एकदा पाण्यात उतरून बघू, म्हणून आम्ही देवळाली प्रवराला गेलो. मॅडमच्या मामांचं शेततळं उसाच्या कडेला, काठोकाठ भरलेलं. ओंकार पट्टीचा पोहणारा. हसत हसत बांधावर चढला, हात पसरले, उडी मारली. घोंगडी काय सुंदर उघडली! मामांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या. ओंकार वर आला नाही.

कोरडी घोंगडी आणि ओली घोंगडी ह्यातला फरक पारनेरच्या धनगरानं सांगितला असता, आम्ही विचारलाच नव्हता. लोकरीनं तळ्याचं पाणी पिऊन घेतलं आणि ती पोराच्या पाठीवर बसली. गाठ आम्हीच पक्की शिवलेली, मेंढरानं ओढली तरी सुटू नये अशी. पाण्यावर बुडबुडे आले. मॅडम किंचाळल्या. मी बांधावरून खाली धावलो, तर शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळानं गुळगुळीत, मीच पालथा पडून घसरायला लागलो. मामांनी माझी कॉलर धरली.

शकीलभाईंना पोहता येत नाही. पण कंबरेला कात्री कायम असते. बांधावर ट्रॅक्टरची एक फुगवलेली ट्यूब पडली होती, ती छातीशी धरली आणि त्यांनी सरळ उडी टाकली! ट्यूबवर पोट ठेवून, मुंडकं पाण्यात घालून, चाचपडत त्यांनी गाठ शोधली. एकदा कापलं. नाही सुटली. दुसऱ्यांदा मुंडकं आत. मी मोजत होतो, कुठपर्यंत मोजलं ते आठवत नाही.

मग ओंकारचं डोकं वर आलं.

त्याला उसाच्या कडेला पालथा घातला, पाणी काढलं. तो खोकत राहिला. साळवे सर त्याच्याजवळ मातीत बसले. म्हणाले, "दत्ता, बास. काळा घाला. माझ्या चित्रापायी कोणाचं पोरगं नको जायला."

ओंकार खोकता खोकताच बोलला, "सर, उद्या परत मारतो उडी. फक्त ती सुटेल असं काहीतरी करा."

शकीलभाईंनी रात्रभर विचार केला असेल. सकाळी भंगारातून एका जुन्या जीपच्या सीटबेल्टचं बक्कल घेऊन आले आणि घोंगडीच्या उजव्या खांद्यावर शिवून टाकलं. लाल बटण दाबलं की घोंगडी मोकळी! ओंकारनं त्याच तळ्यात दहा उड्या मारल्या, दहाही वेळा वर आला.

शकीलभाई बांधावर बिडी ओढत म्हणाले, "तीस वर्षं गिऱ्हाइकांना बेल्ट लावा म्हणून सांगतोय. काढ म्हणून सांगितलेला हा पहिलाच!"

*

दोन दिवस राहिले आणि मुंबईहून खोकं आलं. शेठनीच पाठवलं होतं, "घालून तर बगा" म्हणून.

काळा, चकचकीत ड्रेस. छातीवर दगडासारखे स्नायू, आतूनच भरलेले. आतून गार राहणारं कापड, पाठीत लपवलेली चेन. ओंकारनं घातला आणि आमचं दुकान एकदम लहान वाटायला लागलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. खोटं कशाला बोला, भारी दिसत होता. आम्ही सोळा दिवस रक्त आटवून जे केलं होतं, ते खुंटीला लटकत होतं. बाजाराच्या पिशवीसारखं.

मॅडमनी खुंटीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "सर, एकदा खरं सांगा. घोंगडीच का? लहानपणी वाचताना कधी विचारलं नाही."

सर पेन्सिलीला टोक करत होते. करतच राहिले.

"माझे वडील विहिरी खोदायचे. लोकांच्या. सुरुंगाची भोकं हातानं पाडायचे. पाणी लागलं की वर यायचे, भिजलेले, आणि अंगावर घोंगडी टाकून बांधावर बसायचे." त्यांनी पेन्सिलीवर फुंकर मारली. "गावातले सगळे विहिरीत वाकून पाणी बघायचे. वर आलेल्या माणसाकडं कोणी बघायचं नाही. त्याला पाणीसुद्धा वरूनच वाढायचे. मी लहान होतो. मला वाटायचं, हा आता जर इथून उडाला, तर बघतील का सगळे?"

ओंकारनं पाठीला हात नेला, चेन खाली ओढली आणि काळा ड्रेस काढून नीट घडी करून खोक्यात ठेवला.

शकीलभाई मशीनवर जाऊन बसले. "दत्तूभाऊ, ती घोंगडी द्या इकडं. बक्कलवर अजून एक शिवण मारतो."

*

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही जामखेडच्या पुढं शेठच्या रानात पोचलो. विहीर त्यांचीच. अठरा दिवसांपूर्वी मॅडम बघून गेल्या होत्या तेव्हा दोन पुरुष खोल पाणी होतं. कॅमेरा लागला, छत्र्या लागल्या, वस्तीवरची माणसं जमली. ओंकार पूर्ण ड्रेसमध्ये कठड्यावर चढला. आणि तसाच उभा राहिला.

मी जाऊन खाली बघितलं. तळाला ओला गाळ, त्यात एक फुटकी बादली. बाकी विहीर कोरडी!

"परवापोतर हुतं पानी," शेठ म्हणाले. "उन्हाळाच तसा हाय. मी काय करू?"

मॅडम म्हणाल्या, "शेठ, शेततळ्यात दहा उड्या मारल्यात त्यानं. व्हिडिओ आहे माझ्याकडं."

"कागदावर विहीर लिवलीय. उडी न्हाई तर ड्रेस न्हाई. उन्हाच्या आत शूटिंग सुरू करा, मानसं खोळंबल्यात." त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हर गाडीतून खोकं काढायला गेला.

मी शेठवर धावणारच होतो, सरांनी अडवलं. "बरोबर आहे त्यांचं. लिहिलंय तसंच आहे." मग ते ओंकारकडं गेले, त्याला हात देऊन कठड्यावरून उतरवलं आणि त्याच्या खांद्यावरच्या बक्कलाकडं हात नेला. दुसऱ्या कोणी काढू नये म्हणून असेल. बोट लाल बटणावर ठेवलं, पण दाबलं नाही.

तेवढ्यात वस्तीकडून एक म्हातारी काठी टेकत आली. माणसं बाजूला झाली. शेठची आई. तिनं जन्मात कधी कॉमिक वाचलेलं नाही, तिला अक्षरच येत नाही. ती सरळ ओंकारसमोर येऊन थांबली. खालून वर बघत गेली. टायरच्या चपला. धोतर. मग घोंगडीचा कोपरा चिमटीत धरून चोळून बघितला.

"धनगराच्या हातची हाय. बरं झालं आलास बाबा. लई दिस वाट बगाया लावलीस."

आणि पदराखालून नारळ काढला!

आमच्याकडचे पाणाडे तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतात. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असं म्हणतात. आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं, बघितलेलं कोणीच नाही.

शेठ पुढं आले. "आये, ह्यो पिच्चरमधला हाय! खोटा हाय!"

"गप ऱ्हा. चपला काढा रं समद्यांनी."

वस्तीवरच्यांनी काढल्या. मग कॅमेरावाल्यानं, छत्रीवाल्यांनी, मॅडमनी, सरांनी, मी आणि शकीलभाईंनी. ओंकारनं टायरच्या चपला काढल्या. एकटे शेठ बुटात उभे, मोबाईलमध्ये बघत.

म्हातारीनं स्वतःच्या हातानं नारळ ओंकारच्या तळव्यावर आडवा ठेवला. ओंकारनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी नुसती मान हलवली. तो चालायला लागला. मागं म्हातारी, तिच्या मागं आम्ही चाळीसेक माणसं, अनवाणी. ढेकळं तापलेली, पाय भाजत होते. बांध संपला, बाभळ गेली. नारळ तसाच. नाटकातला पोरगा, काहीतरी नाटक करेल असं मला वाटत होतं. त्यानं केलं नाही. हात सरळ, बोटं पसरलेली.

"झालं का?" मागून शेठ ओरडले. "ऊन डोक्यावर आलं! काळा घाला आन् चला!"

रानाच्या वरच्या कोपऱ्यात ओंकार थांबला. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. त्याच्या तळव्यावर नारळ हलला. मग शेंडीकडून उचलायला लागला. सावकाश. आणि उभा राहिला.

"मॅडम," ओंकार म्हणाला, "मी काही करत नाहीये."

म्हातारी तिथंच बसली आणि तिनं जमिनीवर तळहात टेकला. सर घोंगडीकडं बघत उभे होते. शेठ गर्दीतून वाट काढत पुढं आले, त्यांच्या मागं खोकं घेऊन ड्रायव्हर. शेठनी नारळाकडं बघितलं. आईकडं बघितलं. परत नारळाकडं.

"शेठ," ड्रायव्हरनं विचारलं, "ह्ये उघडू का?"

शेठ ढेकळात एका गुडघ्यावर बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.